बेळगावात जन्मलेले न्यायमूर्ती बर्डवुड

हिंडलग्याच्या शिवारात आमच्या बांधावर एक रायवळ आंबा होता. घरात त्याला शेप्या म्हणत, कारण पिकला की त्याच्या रसाला शेपूच्या भाजीसारखा वास येई. आम्हा मुलांना तो आवडत नसे. आजोबांचा उन्हाळा मात्र त्याच्यावाचून जात नसे. या एका झाडावरून आजोबा आणि त्यांचे चुलत बंधू यांच्यात दिवाणी दावा लागला आणि तो अकरा वर्षे चालला. मध्यंतरी कोर्टाने नेमलेले कमिशनर येऊन टेपेने बांध मोजून गेले. त्यांच्या अहवालाची नक्कल आमच्या ट्रंकेत अजून आहे. त्यात आंब्याचे झाड एक, एवढीच नोंद आहे. शेप्या हे नाव त्या साऱ्या कागदांत एकदाही येत नाही.

ज्या गृहस्थांची हकीकत मी सांगणार आहे त्यांच्याशी या दाव्याचा काही संबंध नाही. ते वारले १९०७ मध्ये, आणि आमचा दावा त्यानंतर कितीतरी वर्षांनी लागला. पण कोर्ट आणि झाड हे दोन शब्द एकत्र आले की माझे कान टवकारतात, त्याचे कारण वाचकांना कळावे म्हणून हे आधी सांगितले.

बी. एस्सी.ला असताना आमची वनस्पतिशास्त्राची सहल महाबळेश्वरला जायची होती. जाण्यापूर्वी तिथल्या झाडांची थोडी ओळख व्हावी म्हणून सरांनी आम्हाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाचे एक जुने बांधीव पुस्तक दाखवले. पाने पिवळी पडलेली, शिवण सुटलेली. त्यात माथेरान आणि महाबळेश्वर येथील वनस्पतींची एक लांबलचक यादी होती आणि लेखकाचे नाव एच. एम. बर्डवुड असे होते. कुणी प्राध्यापक असतील, असे आम्हाला वाटले. सर हसले. म्हणाले की हे मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश होते, आणि तुमच्या बेळगावातच जन्मले होते. सहलीत मी झाडे पाहिलीच, पण तेव्हापासून या न्यायाधीशाचाही माग काढू लागलो.

हर्बर्ट मिल्स बर्डवुड यांचा जन्म २९ मे १८३७ रोजी बेळगावात झाला. किल्ला इंग्रजांच्या हाती पडून अजून वीस वर्षेही झाली नव्हती. धारवाडपासून वेगळा काढून बेळगाव जिल्हा केल्याला जेमतेम एक वर्ष झाले होते. लष्कराची छावणी पडलेली, आणि छावणीच्या मागोमाग येणारी मंडळीही आलेली होती. त्यांत लंडन मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड जोसेफ टेलर हे एक. ते बळ्ळारीकडून १८२० मध्ये बेळगावात आले आणि त्यांनी येथे मिशनचे ठाणे घातले. त्यांची मुलगी लिडिया ज्युलियाना ही हर्बर्ट यांची आई. वडील ख्रिस्तोफर बर्डवुड हे मुंबई फौजेच्या रसदखात्यात अधिकारी होते, पुढे जनरल झाले. रसदखाते म्हणजे धान्य, वैरण, बैल यांचा हिशेब. या जोडप्याला एकंदर चौदा मुले झाली. आजच्या वाचकाला हा आकडा मोठा वाटेल, पण हिंडलग्यातल्या जुन्या घरांतून विचारले तर कुणी फारसे दचकणार नाही.

या चौदांतले थोरले जॉर्ज. ८ डिसेंबर १८३२ चा त्यांचा जन्मही बेळगावचाच. जॉर्ज बर्डवुड यांचे नाव हर्बर्टपेक्षा अधिक गाजले, म्हणून त्यांच्याविषयी दोन शब्द सांगून पुढे जातो. ते डॉक्टर होऊन मुंबईला आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले आणि भायखळ्याची राणीची बाग उभी राहिली त्यात त्यांचा पुढाकार होता. बाग १८६२ मध्ये खुली झाली. तिच्याशेजारचे संग्रहालय, ज्याला आज डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे, तेही त्यांच्याच खटपटीतून सुरू झाले आणि डॉ. भाऊ दाजी त्या कामात त्यांचे सहकारी होते. ज्या झाडांच्या डिंकाचा धूप चर्चमध्ये जाळतात, त्या अरबस्तान आणि सोमाली किनाऱ्यावरच्या झाडांचा अभ्यास करून त्यांनी काही जातींना शास्त्रीय नावे दिली. बॉस्वेलिया कार्टेराय या नावापुढे बर्डवुड असे जे लिहितात ते हेच जॉर्ज. आपल्या रानातली साळई ही त्याच कुळातली. १८८० मध्ये त्यांनी भारतीय कारागिरीवर मोठा ग्रंथ लिहिला. मात्र याच गृहस्थांनी १९१० मध्ये लंडनच्या एका सभेत बुद्धाच्या एका मूर्तीची तुलना उकडलेल्या पुडिंगशी केली आणि मोठे वादळ ओढवून घेतले. हातमागावर आणि भांड्यांवर जीव टाकणाऱ्या माणसाला मूर्तीपुढे मात्र काही दिसू नये, याचे मला अजूनही नवल वाटते.

आता हर्बर्ट. त्या काळच्या रीतीप्रमाणे मुलांना शिकायला विलायतेला धाडले. हर्बर्ट एडिंबरोला आणि मग केंब्रिजच्या पीटरहाऊस कॉलेजात गेले. १८५८ मध्ये ते गणितात रँग्लर झाले. रँग्लर म्हटले की आपल्याला रँग्लर परांजपे आठवतात. त्यांचा पहिला क्रमांक यानंतर एकेचाळीस वर्षांनी, १८९९ मध्ये आला. बर्डवुड काही पहिले नव्हते. पण त्यांनी गणिताबरोबर निसर्गविज्ञानाचीही परीक्षा दिली, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्याच वर्षी ते सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेत उतरले आणि १८५९ च्या आरंभी मुंबईस दाखल झाले. बंडाचा धुरळा अजून पुरता बसला नव्हता. कंपनीचे राज्य जाऊन राणीचे आले होते आणि नव्या राज्याला परीक्षा देऊन आलेले तरुण हवे होते. १८६१ मध्ये त्यांनी मुंबई फौजेतल्या एका डॉक्टरांच्या मुलीशी, एडिथ इंपी यांच्याशी लग्न केले.

इथून पुढे बावीस-पंचवीस वर्षे त्यांचे आयुष्य म्हणजे बदल्या. असिस्टंट कलेक्टर, सचिवालयातले दुय्यम सचिव, काठेवाडात पोलिटिकल असिस्टंट, मग जिल्हा न्यायाधीश. १८८१ मध्ये सिंधचे ज्युडिशियल कमिशनर म्हणून कराचीला. प्रत्येक ठिकाणी बंगला भाड्याचा नाहीतर सरकारी. बदलीची नोकरी करणाऱ्या घरातल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. आपण आवारात लावलेल्या पेरूची फळे नेहमी पुढच्या साहेबाची मुले खातात.

यावरून मला एका जर्मन उमरावाची आठवण होते. जर्मनीत त्या काळी फळझाडांच्या अभ्यासाला शास्त्राचे रूप येत होते. कोणी पाद्री, कोणी डॉक्टर, कोणी वकील, कोणी जहागीरदार, आपापल्या बागेतली सफरचंदे आणि नासपती ताटात मांडून त्यांचा रंग, साल, बी, गर, पिकण्याचा महिना सारे लिहून काढीत. फ्रँकोनिया प्रांतातल्या बेटेनबुर्गचे ट्रुखझेस नावाचे सरदार होते. त्यांनी नुसत्या चेरीच्या जाती जमवण्यात आयुष्य घातले आणि १८१९ मध्ये त्यांची वर्गवारी व वर्णने यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. चेरीच्या एका जातीचे नाव दुसऱ्या गावात दुसरेच असते, कलम विकणारा तिसरेच सांगतो, हा घोळ त्यांना निस्तरायचा होता. हे काम त्यांना साधले, कारण जमीन त्यांची होती. लावलेले कलम फळाला येईतो ते तिथेच राहणार होते. बर्डवुड यांना ती सोय नव्हती. बदलीच्या माणसाला बाग वाढवता येत नाही. दुसऱ्याने किंवा देवाने लावलेले मोजता येते, ओळखता येते आणि लिहून ठेवता येते. त्यांनी तेच केले.

त्याची संधी त्यांना १८८५ मध्ये मुंबई हायकोर्टात न्यायाधीश म्हणून आल्यावर नीट मिळाली. मुख्य न्यायाधीश तेव्हा सर चार्ल्स सार्जंट होते. मुंबईच्या त्या वर्षांतल्या निकालांची जाडजूड पुस्तके वकिलांच्या कपाटांत अजून सापडतात. त्यांत बर्डवुड यांचे नाव ठिकठिकाणी आहे. गहाणखत, वाटणी, दत्तक, वतन, असे रोजचे दावे. १८८९ मध्ये न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग याच न्यायासनावर आले, म्हणजे दोघे काही वर्षे सहकारी होते. तेलंग गीतेचे इंग्रजी भाषांतर करणारे, बर्डवुड झाडांची यादी करणारे. हायकोर्टाच्या त्या काळच्या न्यायाधीशांना कोर्टाबाहेरचे काही वेड असणे हे कमीपणाचे मानत नसत. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपदही बर्डवुड यांच्याकडून तेलंगांकडेच गेले. १८९२ मध्ये त्या जागी बसलेले तेलंग हे पहिले भारतीय.

मुंबईत तेव्हा आणखी एक गोष्ट घडून आली होती. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. आठांत दोघे आपले होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. सखाराम अर्जुन हे औषधी वनस्पतींचे जाणकार आणि रखमाबाईंचे सावत्र वडील. सोसायटीचे नियतकालिक १८८६ मध्ये निघू लागले आणि त्याच्या अगदी आरंभीच्या अंकांतच बर्डवुड यांची माथेरान-महाबळेश्वरच्या वनस्पतींची यादी छापून आली. पुढे दहा वर्षांनी, १८९६-९७ च्या सुमारास, त्यांनी ती सुधारून नव्याने छापली. मी पाहिली ती ही दुसरी.

यादी म्हणजे काय, असे कुणी म्हणेल. तीत ना वर्णन ना गोष्ट. पण मी ती सहलीत बरोबर वहीत उतरवून नेली होती, आणि तिचा उपयोग काय असतो ते मला रानात कळले. महाबळेश्वरला एखादे बुटके, वाऱ्याने वाकलेले झाड पुढे आले की ते आपल्या जांबोटीच्या जंगलातले जांभूळच आहे हे चटकन लक्षात येत नाही. पठारावरचा वारा आणि पाऊस त्याला वेगळे रूप देतात. पिसा, गेळ, हिरडा, अंजन, आंबुळगी, करवंद, तोरण, सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणारी कारवी. वाटाड्या एक नाव सांगतो, पुस्तक दुसरे, आणि दोन्ही एकाच फांदीला लागू आहेत हे कुणीतरी आधी ठरवून ठेवलेले असावे लागते. ते ठरवणे हे यादीचे काम. पुढे थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ खंडाखंडाने काढला. असे ग्रंथ अशा याद्यांच्या खांद्यावरच उभे राहतात.

दोन्ही डोंगर त्यांनी निवडले याचे कारण साधे आहे. साहेबलोक उन्हाळ्यात तिथेच जात. महाबळेश्वरला सरकारचा मुक्काम असे. माथेरान ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी १८५० मध्ये उजेडात आणलेले, मुंबईच्या माणसाला जवळचे. महाबळेश्वरच्या फळबागेची सुरुवात मात्र साहेबांच्या हातून झालेली नाही, हे मला सहलीत कळले आणि हिंडलग्याच्या मुलाला ते विशेष वाटले. १८३० नंतरच्या काही दशकांत तिथे एक तुरुंग होता. त्यात चीनकडून आणलेले कैदी असत. बटाटे, गाजरे, भाज्या आणि स्ट्रॉबेरी यांची लागवड त्या कैद्यांनी रुजवली. आम्ही तुरुंगाच्या गावचे. कैदी शेतावर कामाला जाताना पाहतच मोठे झालो. न्यायाधीश शिक्षा देतो, कैदी माती भुसभुशीत करतो आणि फळ पाहुण्यांच्या टेबलावर जाते, ही साखळी माझ्या डोक्यातून बराच काळ गेली नाही.

आणि इथेच मला बर्डवुड साहेबांविषयी थोडे अडखळायला होते. १८७८ च्या जंगल कायद्याने सरकारने रानाला कुंपण घातले. ठाणे जिल्ह्यात ओरड इतकी झाली की १८८५ मध्ये मुंबई सरकारला त्यासाठी कमिशन नेमावे लागले. माथेरानच्या उतारावरचे ठाकूर आणि कातकरी ज्या झाडांची नावे बिनचूक सांगत, त्याच झाडांची फांदी तोडली तर ते गुन्हेगार ठरत. आणि त्याच वर्षांत हायकोर्टाचा एक न्यायाधीश सुटीत त्याच उतारावर हिंडून त्या झाडांची नोंद करीत होता. यात त्यांचा व्यक्तिशः काही दोष होता असे मी म्हणत नाही. ते सज्जन होते असे मानायला जागा आहे. पण ज्यांच्या तोंडून ही नावे शतकानुशतके चालत आली त्यांचे नाव यादीच्या वर येत नाही, हे आपण वाचताना तरी मनात धरावे.

१८९२ मध्ये ते न्यायासनावरून उठून गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात गेले. १८९३ मध्ये त्यांना सी. एस. आय. हा किताब मिळाला. फेब्रुवारी १८९५ मध्ये लॉर्ड हॅरिस परत गेले आणि लॉर्ड सँडहर्स्ट अजून पोहोचायचे होते. त्या मधल्या दोन-तीन दिवसांत, १६ ते १८ तारखेपर्यंत, इलाख्याचा कारभार बर्डवुड यांच्या हाती होता. कराचीपासून कारवारपर्यंत पसरलेल्या मुंबई इलाख्याचा गव्हर्नर दोन दिवस का होईना, बेळगावात जन्मलेला माणूस होता. माझा कन्नड विभागात लिहिणारा मित्र यावर म्हणाला की दोन दिवसांत त्याने बेळगावचा प्रश्न का सोडवला नाही? मी त्याला सांगितले की तेव्हा तो प्रश्नच नव्हता. दोघेही हसलो आणि चहा घेतला.

या मंडळातली त्यांची शेवटची वर्षे सुखाची नव्हती. १८९३ मध्ये मुंबईत मोठा दंगा झाला. १८९६ च्या पावसाळ्यानंतर दुष्काळ पडला आणि त्याच सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघड झाला. महाबळेश्वरच्या यादीची सुधारलेली आवृत्ती याच धामधुमीत छापली जात होती. १८९७ मध्ये ते निवृत्त होऊन विलायतेला गेले. मग दहा वर्षे लंडनच्या बाजूला काढली आणि २१ फेब्रुवारी १९०७ रोजी ट्विकनहॅम येथे त्यांचा अंत झाला. नेरळहून माथेरानला जाणारी छोटी आगगाडी त्याच वर्षी सुरू झाली.

त्यांच्या मुलांपैकी विल्यम यांचे नाव जगाच्या इतिहासात गेले. ते १८६५ मध्ये पुण्याजवळ खडकीला जन्मले. १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या सैनिकांची फौज त्यांच्या हाताखाली उतरली. पुढे १९२५ ते १९३० ते हिंदुस्थानचे सरसेनापती होते. निवृत्तीनंतर ते वडिलांच्याच पीटरहाऊस कॉलेजचे प्रमुख झाले. फील्ड मार्शलच्या चरित्रात वडिलांना चार ओळी मिळतात, चुलत्यांना त्याहून जास्त. मधल्या पिढीतल्या या न्यायाधीशाला मात्र वनस्पतिशास्त्रज्ञांखेरीज कुणी फारसे विचारीत नाही.

आमच्या शेप्याचे काय झाले ते सांगायचे राहिले. दाव्याच्या नवव्या वर्षी वळिवाच्या एका वादळात तो मुळासकट उलथला. वकिलांना कुणी कळवले नाही. दोन वर्षांनी तडजोडीचा हुकूमनामा झाला, त्यात झाडाचे फळ निम्मे निम्मे घ्यावे असे आहे. तोवर दोघे म्हातारे पुन्हा एकमेकांच्या ओटीवर बसू लागले होते.

सहलीहून आल्यावर मी एक वही घातली. हिंडलग्यापासून वेंगुर्ला रस्त्याने सुळग्यापर्यंत आणि इकडे कँपच्या कडेपर्यंत जी फळझाडे दिसतील ती लिहायची. तीन रकाने, शास्त्रीय नाव, मराठी नाव, कन्नड नाव. कन्नड रकाना माझी गोकाककडची काकू भरते. जांभळाला नेरळे, करवंदाला कवळी, फणसाला हलसू, हे ती न थांबता सांगते. आजवर त्रेचाळीस नोंदी झाल्या. चौतिसावी नोंद मी शेप्याची केली, झाड नसले तरी. शास्त्रीय नाव मँजिफेरा इंडिका, मराठी शेप्या. काकूला विचारले तर ती म्हणाली, शेपूला आम्ही सब्बसगी म्हणतो, पण तसल्या वासाचा आंबा आमच्याकडे कुणी खाल्लाच नाही, त्याला नाव कोण ठेवणार? तो रकाना तेवढा कोरा आहे.